वन्सं, मला सारखं चेक करतात

ती. वन्सं यांस,

नात्याने तुम्ही मोठ्या म्हणून आधी वाकून नमस्कार, आणि वयाने मी मोठी म्हणून वाकलेली असतानाच तुम्हाला आशीर्वाद. कंबर एकदा वाकली की सरळ व्हायला वेळ लागतो, तेव्हा दोन्ही कामं एकाच फेरीत उरकून घेते. तुमचे गुडघे कसे आहेत? दातांची कवळी आता बसते का, की अजून बोलताना टकटक वाजते? (वाजत असली तरी काढून ठेवू नका. तुमच्या बोलण्याला तेवढाच ताल.) मुलगा, सून, नातवंडं सगळी मजेत असतील. मी इथे ठणठणीत आहे. ठणठणीत आहे हे तर मला आता सरकारी शिक्का मारल्यासारखं पक्कं ठाऊक आहे, कारण जगातली सगळी माणसं मला दिवसभर चेक करत असतात.

आता हा चेक काय प्रकार आहे ते सांगते, म्हणजे पुढचं रामायण कळेल. तुमचे भाऊ गेल्यापासून आमचे चिरंजीव परदेशातून रोज फोन करतात. पोरगा मायेचा आहे, त्यात वाद नाही. पण फोन उचलला की पहिलं वाक्य, आई, तुला चेक करायला फोन केला. मग बीपी चेक केलंस का, गॅस चेक केला का, दार लावलंय का चेक कर, गोळ्यांची डबी चेक कर, मी फोटो पाठवलाय तो चेक कर. तेवढं झालं की, चल, मीटिंग आहे. मी इकडे तोंड उघडून बसलेली, की आता हा विचारेल, आई, आज काय केलंस? तर तोवर फोन बंद. आपल्या गावच्या शाळेत, वन्सं, गुरुजी वही तपासायचे. बाजारात वांगी पारखून घ्यायची. ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावून बघायचा. गाय व्यायला झाली का म्हणून गोठ्यात डोकावायचं. आणि माणसाची विचारपूस करायची. एवढे सगळे शब्द होते, एकेका कामाला एकेक. इंग्रजांनी एकच चावी बनवली आणि सगळ्या कुलपांना लावली. वांगं पण चेक, गाय पण चेक, आई पण चेक.

नातीला विचारलं एकदा, बाई गं, तुझा बाप मला चेक करतो म्हणजे नेमकं काय करतो? ती हुशार आहे, आजोबांवर गेलीय (तुमच्या घराण्याची एवढी एकच स्तुती मी या पत्रात करणार आहे, जपून वापरा). म्हणाली, आजी, चेक म्हणजे सगळं ठीक आहे ना ते बघणं. आणि दुसरा अर्थ, एखाद्याला आवरून धरणं, फार पुढे जाऊ न देणं. मी म्हटलं, मग तुझा बाप दोन्ही करतो, एका पगारात. ती खूप हसली. मग म्हणाली, आजी, थांब, मी तुझं नेटवर्क चेक करते, आवाज तुटतोय. आणि आवाज तुटलाच.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही कागद खराब केला नसता. पण मागे एकदा मी आंघोळीला बसले असताना चिरंजीवांचा फोन आला, तो मी उचलला नाही, तर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी समोरच्या मास्तरणीला फोन केला. (ही बाई आता निवृत्त आहे, पण आवाज अजून नोकरीत आहे.) ती दारावर थापा मारत आली. मी अंगाला साबण लावलेला तशीच आतून ओरडले, जिवंत आहे! तिने फोनवर कळवलं, जिवंत आहेत. झालं, पुढच्याच आठवड्यात एक वायरवाला आला आणि बैठकीच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात एक डोळा बसवून गेला. कॅमेरा. घुबडाच्या पिल्लासारखा दिसतो. आता चिरंजीव तिकडे ऑफिसात बसून, वाटेल तेव्हा इकडे आईला चेक करतात. फोन करायचीही गरज उरली नाही. आधी रोज फोन यायचा, तो दिवसाआड झाला. मग, आई, सकाळी दिसलीस, बरी वाटलीस, म्हणून केला नाही, असं व्हायला लागलं.

मी दिसते, वन्सं. ऐकू येत नाही त्यांना. त्या डोळ्याला कान नाहीत, असं वायरवाल्याने मला सांगितलं, स्वस्तातला आहे म्हणे. पहिले काही दिवस मी त्याच्याशी बोलायची. उभी राहून हातवारे करून सांगायची, आज भाजीवालीने मला फसवलं, आज जिन्यात एक मांजर आली, तिचा एक कान अर्धा आहे. एके दिवशी चिरंजीवांचा फोन, आई, तू सारखी हात का हलवतेस, झटके येतात का? तेव्हापासून बोलणं बंद केलं.

आता माझं एक गुपित सांगते, सुनेच्या कानावर घालू नका (माझ्याही आणि तुमच्याही). आमच्या गल्लीच्या टोकाला एक दवाखाना आहे. दुपारी तिथे तपासणीसाठी रांग लागते, लाकडी बाकं भरून. मी तिथे जाते. मला काही होत नाही. मी खिडकीतल्या मुलीकडून नंबर घेते आणि बाकावर जाऊन बसते. आणि वन्सं, काय सांगू, तिथे कुणी कुणाला चेक करत नाही! शेजारी बसलेलं माणूस आपण टेकायच्या आत विचारतं, तुम्हाला काय होतंय? आणि मग ऐकतंसुद्धा, कारण ते जाणार कुठे? माझा नंबर जवळ आला की मी मागच्याला म्हणते, तुम्ही व्हा पुढे, तुमचं दुखणं मोठं दिसतंय. लोक मला देवमाणूस समजतात. एक सुतार आहे, पाठीचा. त्याने तर मला त्याच्या तिन्ही मुलींची लग्नं कशी झाली ते सविस्तर सांगितलं, दोन बैठकांत. एक बाई आहे, तिच्या घशात सारखं काहीतरी अडकल्यासारखं होतं, तिच्या सासूबद्दल ऐकलं तेव्हा मला कळलं काय अडकलंय ते. खिडकीतल्या मुलीने मला ओळखलंय. ती काही बोलत नाही, माझा नंबर आपणहून शेवटचा काढते.

एकदाच घात झाला. मागे कुणी उरलंच नाही आणि मला आत जावं लागलं. डॉक्टर तरणा, त्याने नळी लावली, डोळे बघितले, विचारलं, आजी, त्रास काय? मी तयारीच केली नव्हती. तोंडातून गेलं, जिभेला. जड पडते. त्याने जीभ बाहेर काढायला सांगितली, बॅटरी मारून बघितली, आणि म्हणाला, छान आहे, काही झालेलं नाही. मला इतकं वाईट वाटलं, वन्सं. रिकाम्या हाताने बाहेर आले. काहीच झालेलं नसलं की माणसाने तिथे परत जायचं कोणत्या तोंडाने? (दुसऱ्या दिवशी गेले. त्याच तोंडाने.)

पण अडचण अशी, की आपल्या दुपारीच तिकडे सकाळ होते, चिरंजीव जागे होऊन कामावर बसतात आणि आल्या आल्या कॅमेऱ्यात आईला बघतात. आई खुर्चीत नसली की फोन मास्तरणीला. मास्तरणीची थाप दारावर. म्हणून मी एक बाई तयार केली. खिडकीजवळची आपली उंच पाठीची खुर्ची आठवते ना, तिची पाठ तिरकी कॅमेऱ्याकडे आहे, वरून डोकं, खांदे आणि मांडीचा कोपरा तेवढा दिसतो. त्यात दोन उशा उभ्या ठोकल्या, वर शाल पांघरली, आणि डोक्याच्या जागी गोल लोड बसवून त्याला तुम्ही विणून पाठवलेली ती हिरवी कानटोपी घातली. (रागावू नका. माझ्या डोक्याला ती होत नव्हती, लोडाला बेतून शिवल्यासारखी बसली.) मांडीवर मोबाईल ठेवला, कारण तो बरोबर नेला की मी कुठे आहे तेही चिरंजीवांना दिसतं. मागून बघितलं तर हुबेहूब मी. खरं तर माझ्यापेक्षा ताठ. कितीतरी दिवस ते बिनबोभाट चाललं. चिरंजीव फोनवर म्हणायचे, आई, दुपारी छान शांत बसतेस हल्ली, असंच बसत जा. मी म्हणायचे, हो रे बाळा, वय झालं.

तुमच्यापासून काय लपवायचं, मी तिच्याशी बोलायला लागले. निघताना, येते गं, लक्ष ठेव. आल्यावर, कुणी आलं होतं का? दवाखान्यातलं सगळं तिला येऊन सांगायची. ती ऐकून घ्यायची, मध्येच फोन ठेवायची नाही. एकदा भांडणही झालं आमचं. माझंच चुकलं होतं, मी तिला पाणी नाही विचारलं, असं माझं मलाच वाटून गेलं आणि मीच चिडले. मग म्हटलं, बाई, आता मात्र डॉक्टरला खरं दुखणं सांगता येईल.

तर परवाचं ऐका. मी दवाखान्यात. सुताराच्या धाकट्या मुलीच्या सासरी काहीतरी बिनसलं होतं, ते अर्धवट सोडून उठणं शक्य नव्हतं. इकडे खिडकी उघडी राहिली होती. वारा आला असेल, किंवा ती अर्ध्या कानाची मांजर. पण लोड घसरला आणि मान एका बाजूला कलंडली, पार खांद्यावर. चिरंजीवांनी तिकडून बघितलं. फोन लावला. फोन वाजतोय, मांडीवर उजेड होतोय, आणि आई हलत नाही. परत लावला. परत उजेड, आई तशीच. माझ्या लेकाचं तेव्हा काय झालं असेल ते मी आता लिहीत नाही.

मी आले तर जिन्यात ही गर्दी. आमच्या जिन्यात एवढी माणसं मी कधी बघितली नव्हती. मला वाटलं, कुणाकडे तरी पाहुणे आलेत आणि मला बोलावलं नाही. सगळ्यात खालच्या पायरीवर वरच्या मजल्यावरचा एक चष्मेवाला उभा होता. रोज मला चुकवून जिना चढतो, कधी मान वर करून बघत नाही. त्याला विचारलं, काय झालं हो?

म्हणाला, पहिल्या मजल्यावरच्या आजी गेल्या.

अगं बाई, म्हटलं. (पहिल्या मजल्यावर आजी मीच.) कशाने?

बसल्या बसल्या. मुलगा लांब असतो, त्याने कॅमेऱ्यात बघितलं.

आता वन्सं, शहाण्या बाईने तिथेच सांगितलं असतं, अहो, मी इथे आहे. पण तुम्ही मला ओळखता. असा योग कुणाच्या नशिबात येतो? मी पिशवी पोटाशी धरली, चेहरा पाडला आणि विचारलं, कशा होत्या हो स्वभावाने?

चष्मेवाला विचार करून म्हणाला, शांत होत्या.

शांत! मला! तुमचे भाऊ हे ऐकायला हवे होते, जेवता जेवता ठसका लागला असता त्यांना. मी म्हटलं, नीट आठवून बघा. तर म्हणाला, खरंच, कधी आवाज ऐकला नाही. मग त्याच्या पुढची बाई वळून म्हणाली, मला वाटायचं ते घर रिकामंच आहे.

हसायचं म्हणून विचारलं होतं, वन्सं, पण त्या वाक्यानंतर माझं हसू जिरलं. एक वॉचमन तेवढा रडवेला झाला होता. तो म्हणत होता, रोज जाताना मला विचारायच्या, जेवलास का. आज मी टाकीपाशी होतो, आज विचारायच्या राहिल्या. मला त्याच्याजवळ जाऊन सांगावंसं वाटलं, पण तेवढ्यात वर चावीवाल्याने कुलूप उघडलं आणि लोंढा आत घुसला, त्यात मीपण माझ्याच घरात घुसले, सगळ्यांत मागून.

मास्तरीण पुढे. तिच्या हातात फोन, फोनवर चिरंजीव, चेहरा दिसणारा फोन. ती म्हणतेय, धीर धरा, मी चेक करते. आणि तिने हळूच माझ्या, म्हणजे खुर्चीतल्या बाईच्या, खांद्याला हात लावला. तर डोकं सुटलं आणि टोपीसकट घरंगळत जाऊन चावीवाल्याच्या पायाशी थांबलं. मास्तरीण जी किंचाळली! पन्नास पोरांचा वर्ग एका दमात गप्प करणारी बाई ती. चावीवाला हत्यारं टाकून पळाला. फोन जमिनीवर पडला, आणि फोनमधून माझा मुलगा ओरडतोय, आई! आई! आईचं काय झालं!

मी मागून म्हटलं, अहो, जपून, कापूस बाहेर येईल.

सगळे वळले. पुढचं सांगत बसत नाही. चष्मेवाला सोफ्यावर बसला, त्याला मीच पाणी दिलं. वॉचमनला विचारलं, जेवलास का? तर तो आणखीनच रडायला लागला. मग मी फोन उचलला. वन्सं, माझा मुलगा रडत होता. एवढा मोठा साहेब, गळ्यात पट्टा, मागे काचेचं ऑफिस, येणारेजाणारे बघतायत, आणि हा लहानपणी शाळेच्या दारात रडायचा तसा, खालचा ओठ बाहेर काढून. बीपी विचारलं नाही, गोळी विचारली नाही. म्हणाला, आई, तू होतीस कुठे? आणि मी इतकी नालायक बाई, की मला बरं वाटलं. फार दिवसांनी कुणीतरी एवढा वेळ फोन धरून होतं.

म्हणून मी खरं सांगितलं. म्हटलं, दवाखान्यात होते. तो पांढरा पडला. काय झालंय तुला? म्हटलं, काही नाही रे. गप्पा मारायला जाते. त्यावर त्याने नुसता फोन ठेवला, ओरडला असता तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने ठरवून फोन केला, शांतपणे, साहेबासारखा. शहराबाहेर एक ठिकाण आहे म्हणे, म्हाताऱ्या माणसांचं. स्वच्छ आहे, बाग आहे, उशाशी घंटा आहे, नर्सबाई तासातासाला येऊन चेक करतात. महिनाअखेरीला मला तिथे नेऊन सोडायचं आणि हे घर बंद करायचं. मी म्हटलं, मी माझ्या घरातच मरेन. तो म्हणाला, आई, काल ते मी बघितलं, परत बघणार नाही. मी म्हटलं, मग दुसरा काही उपाय सांग. तो म्हणाला, घरात कुणी सोबतीला असेल, रात्रंदिवस, तर राहा. मी वॉचमनचं नाव सांगितलं. नको. दवाखान्यातली खिडकीतली मुलगी? नको. तो म्हणाला, घरचं माणूस पाहिजे आई, आणि जिवंत पाहिजे.

असं सगळं आहे. तुम्ही काळजी करू नका. हे पत्र तुमची करमणूक व्हावी म्हणून लिहिलं, दुसरा काही हेतू नाही. बागेचं ठिकाण म्हणतात चांगलं आहे, तिथल्या नर्सबाईंनाही सासवा असतीलच, ऐकायला मिळेल. मुलाला, सुनेला आशीर्वाद, पोरांना गोड पापा, आणि तुमच्या गुडघ्यांना माझ्या गुडघ्यांचा नमस्कार.

तुमची खोडकर,
वहिनी

ता. क. सहज सांगते, मागच्या बाजूची छोटी खोली मी झाडून पुसून घेतलीय. पलंग उन्हात टाकला होता. उगाच, हात मोकळे होते म्हणून. त्या खोलीत कॅमेरा नाही. घोरण्याचा आवाज बाहेर येत नाही, मी स्वतः आत घोरून आणि बाहेर येऊन ऐकून बघितलं.

ता. क. दुसरा. तुम्ही मागे लिहिलं होतंत, घरात एवढी माणसं, पण ज्याची त्याची जेवायची वेळ वेगळी, तुम्ही ताट घेऊन एकट्याच बसता आणि भिंतीकडे बघता. ते वाचून मी तेव्हा काही लिहिलं नाही. इथे स्वयंपाकघरात टेबल आहे, दोन खुर्च्यांचं. एका खुर्चीवर मी वर्तमानपत्रांची रद्दी ठेवत होते. ती काल विकली.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाचा, चष्मा लावून. मी चिरंजीवांना सांगून टाकलंय की तुमच्याशी माझं बोलणं झालं आणि तुम्ही कायमच्या राहायला येताय. अगदी आनंदाने तयार झालात, असंही सांगितलं. (आनंदाचं मी वरून घातलं.) त्याचा विश्वास बसलेला नाही. रविवारी तो तुम्हाला फोन करून चेक करणार आहे. पत्र पोचेपर्यंत शनिवार उजाडेल, म्हणजे तुम्हाला रागवायला एक दिवस मिळेल. तेवढा रागवून घ्या, आणि रविवारी हो म्हणा.

ता. क. शेवटचा. खोटं बोलायला तुम्हाला येत नाही. कान लाल होतात, आवाज बसतो, पोराच्या फोनवरसुद्धा लक्षात येईल. तेव्हा वन्सं, ते खरंच करून टाका. या.